दहा महिन्यांच्या जागी सहा

मी मामीला खोटं सांगितलं ते एका कुत्रीच्या पिल्लाच्या खाण्याबद्दल. दोन हजार बारा-तेराच्या आसपासची गोष्ट. एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. त्या पिल्लाचा पाय मोडला आणि तो माझ्यामुळे मोडला, हे आधीच सांगून ठेवते.

मी तेव्हा फुलचूरला राहायची, गोंदियाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमचा दहा-बारा जणांचा गट होता. अंगणवाडीत पोरांना मिळणाऱ्या खाण्याबद्दल आम्ही पत्रकं काढायचो. खिचडी म्हणजे पिवळं पाणी, त्यात मोजून काढता येतील इतके डाळीचे दाणे, आणि रजिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, माझा राग उसना नव्हता. पत्रक कसं लिहायचं ते गटातल्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यानं शिकवलं होतं. एका पानावर एकच गुन्हेगार. 'बहुधा', 'कदाचित' दिसलं की खोडायचं. वाचणाऱ्याला उलटून बोलायला जागा ठेवायची नाही. मी हे इतकं मन लावून शिकले की घरीही तसंच बोलायला लागले. आई म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय, एवढं सांगाले निवेदन नको देत जाऊ बाई."

मामाचं घर सडक अर्जुनीला, हायवेपासून थोडं आत. अंगणात धान, मागे गोठा, आणि दिवसभर ट्रकांचा आवाज. मामीची एकुलती एक मुलगी लग्न होऊन बालाघाटकडे गेली, तेव्हापासून त्या घरात मोठ्यानं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मामा मुळात कमी बोलायचे, आणि बोलले की टोमणाच.

ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत मामा नागझिऱ्याकडे काही कामाला गेले होते. तिथं नोकरीला असलेलं एक ओळखीचं कुटुंब बदली होऊन दूर चाललं होतं. त्यांच्याकडे पॉमेरेनियन कुत्र्याचं पिल्लू होतं, मादी, तीन महिन्यांची. नव्या गावी नेता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते मामांच्या हाती दिलं. सोबत खाण्याचं अर्धं पाकीट आणि त्या घरच्या बाईंनी वहीचं पान फाडून हिंदीत लिहिलेला कागद. मामांनी घरी येऊन पिल्लू मामीच्या मांडीवर ठेवलं आणि कागद पुढे केला.

"हे घे. हिची कुंडली."

मामी तिसरीपर्यंत शिकलेली. आकडे तिला पक्के येत, धान मोजून मोजून आलेले. छापील मराठी अक्षर लावून लावून वाचायची. पण ते घाईत लिहिलेलं तिरकं हिंदी तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मामांना वाचता येत होतं, पण कुत्रीच्या कागदाला ते हात लावणार नव्हते. त्या रविवारी मी गेले तर मामीनं कागद माझ्यापुढे धरला. मी वरच्या चार ओळी वाचल्या: कोणतं खाणं, दिवसातून किती वेळा, कोमट पाण्यात किती भिजवायचं. खालचं नंतर बघू म्हणाले, कारण बस सुटायची होती.

पिल्लाला आम्ही कुणी नाव ठेवलं नाही. मामी तिला 'बाई' म्हणायची आणि तिच्याशी पोवारी बोलीत बोलायची, जशी मुलगी लहान असताना बोलायची तशी. पांढरी, झुबकेदार, मूठभर जीव. गावातली माणसं बघायला यायची आणि विचारायची, "काऊन वो, हे भुंकते का नुसतं दिसते?"

ते खाणं सडक अर्जुनीला मिळत नव्हतं. गोंदियातल्या एका दुकानात मिळायचं. मी दर पंधरवड्याला मामाकडे जायची, म्हणून पाकीट आणायचं काम माझ्याकडे आलं. पाकिटावर एक गुबगुबीत पिल्लू आणि त्याखाली मोठ्या अक्षरात फक्त पिल्लांसाठी असं लिहिलेलं. मी ते पिशवीत तळाशी घालायची आणि वर पत्रकांचा गठ्ठा ठेवायची. त्या गठ्ठ्याच्या पहिल्या ओळीत विचारलेलं असायचं की आमच्या पोरांच्या ताटात काय आहे. वर पोरांचं ताट, खाली कुत्रीचं. वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत मी ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची.

एकदा बस स्टँडवर गटातला एक जण भेटला. पत्रकं मागितली, मी गठ्ठा काढला आणि पाकीट वर आलं. त्यानं ते उचलून उलटं सुलटं बघितलं.

"किसका है?"

"मामीच्या कुत्रीचं."

"वा. मामीची कुत्री पाकीटबंद खाते आणि तू अंगणवाडीची खिचडी दाखवत फिरते." तो हसत होता, वाईट नव्हता बोलत. "अगल्या पत्रकात हे पण टाकू का?"

मी हसले नाही. बसमध्ये बसल्यावर कोहमारा येईपर्यंत माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं. गुन्हेगार सापडला होता: ती पाकीट विकणारी कंपनी. पिल्लाला वेगळं, मोठ्याला वेगळं, म्हाताऱ्याला वेगळं. कुत्र्यालाही यांनी वयाचे दाखले लावले. गावातली कुत्री काय खातात? भाकरीचा तुकडा, भाताची खरवड, आणि वाघावरही भुंकतात. लूट आहे सगळी. एकही वाक्य असं नव्हतं की ज्याला उत्तर देता येईल. खरं कारण त्या पत्रकात नव्हतं. खरं कारण एवढंच की मला ती पिशवी घेऊन बसमध्ये बसायची लाज वाटत होती.

दिवाळी झाली. हलका धान कापून आला. मामाकडे नवं खायचा दिवस असतो. नव्या तांदळाचा पहिला भात शिजतो, देवापुढे जातो, मग बैलाला, मग राखणीच्या कुत्र्याला घास, आणि मग घरातली सगळी एका ओळीत बसून जेवतात. त्या दिवसानंतर घरात कुणाचं वेगळं शिजत नाही. तान्हं मूल सहा महिन्यांचं झालेलं असलं तर त्याचं उष्टावणही याच दिवसापर्यंत थांबवतात, म्हणजे नव्या भातानंच त्याचं तोंड उघडतं. पिल्लू वैशाखातलं. मामीनं बोटं मोजली तर बरोबर सहा महिने भरत होते.

सकाळी चुलीपुढं बसून तिनं मला विचारलं. कागद तिनं कमरेच्या बटव्यातून काढला, घड्या पडून मऊ झालेला.

"वाच तं बाई. हिचे ते दाने कितीक महिने द्याचे लिवले हायेत?"

मी कागद घेतला. खालच्या भागात लिहिलं होतं, दस महीने पूरे होने तक यही देना है, उसके बाद बड़े कुत्तों वाला, वो भी एकदम से नहीं, आठ-दस दिन थोड़ा-थोड़ा मिलाकर. 'दस' अक्षरात होतं. आकडा असता तर मामीनं माझ्याआधी वाचला असता.

"सहा महिने," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग घरचंच. भात, दूध, वरनाचं पानी. वेगळं काही नाही लिहिलेलं."

मामीचा चेहरा उजळला. मी काहीतरी चुकीचं बोलले असं तिला वाटायला कारणच नव्हतं. सहाव्या महिन्यात मुलाला भात लागतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं, सगळ्या गावाला ठाऊक असलेलं. माझं खोटं तिच्या घरच्या रीतीत इतकं चपखल बसलं की ते खोटं आहे हे मलाही थोड्या वेळानं आठवेना. तिनं पिल्लाला न्हाऊ घातलं, कपाळाला हळदीचं बोट लावलं. ओळीत आम्ही जेवायला बसलो तेव्हा पिल्लाची वाटी तिच्या पानाशेजारी होती. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "आता हिचे कान टोचून टाका, म्हंजे लग्नाले मोकळी."

उरलेले दाणे मामीनं कोंबड्यांना टाकले. पुढच्या पंधरवड्याला माझी पिशवी हलकी होती.

नवा तांदूळ चिकट असतो, पचायला जड. आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मुद्दाम जुना देतात, हेही सगळ्यांना ठाऊक. पिल्लाला त्या आठवड्यात जुलाब लागले. मामीनं जुन्या तांदळाची पेज केली, थोडं बरं झालं, पुन्हा लागले. मी गेले तेव्हा तिचे केस विस्कटलेले, पाठीचं हाड हाताला लागत होतं. पोट मात्र गोल.

"खाते तं पोटभर," मामी म्हणाली. "पन अंगाले लागून नाही रायलं."

"सवय होऊन राहिली असंल," मी म्हटलं. "पहिले पहिले होते."

तेव्हा सांगता आलं असतं. कागद तिच्या कमरेलाच होता. मी चहा पिऊन बस धरायला निघाले.

संक्रांत होऊन गेल्यावर शेजारच्या दुकानात मामीचा फोन आला, पिल्लू खाटेवरून उडी मारताना पडलं, पाय टेकत नाही. खाट किती उंच, तर बसलं की माझे तळवे जमिनीला लागतात एवढी. रोज ती त्यावरून उड्या मारायची. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. मामीनं पिल्लाला जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरलं होतं आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर बैल, शेळ्या, एक म्हैस. पोटाशी गाठोडं घेऊन ओळीत बसलेली मामीच एकटी. एका शेळीवाल्यानं डोकावून विचारलं, "का बापा, पोरगं हाय का?" मामीनं लुगड्याचं टोक पिल्लाच्या तोंडावर ओढलं.

डॉक्टर पश्चिम महाराष्ट्राकडचे, शांत बोलणारे. त्यांनी पुढचा उजवा पाय दोन बोटांत धरून बघितला, मग मोडला नव्हता तो डावाही. मग बरगड्या.

"किती महिन्यांची?"

"आठ भरले," मामी म्हणाली.

"खायला काय देता?"

"भात साहेब. वरनाचं पानी, दूध असलं तं दूध."

"कधीपासून?"

"नवं खाल्ल्यापासून. सहा महिन्याची झाली तवापासून."

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, हिचं हाड अजून कच्चं आहे. भातानं पोट भरतं, हाडात काही जात नाही. ही जात लहान, लवकर मोठी होते, मोठ्या कुत्र्याला दीड वर्ष लागतं तिथं हिला दहा-बारा महिने. पण तेवढे तरी हवेत. तोवर पिल्लाचंच खाणं. तुम्ही चार महिने आधी तोडलंत, तेही एका दिवसात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कागदात होतं."

"कोणत्या?"

मामीनं बटवा उघडला. मी तिच्या हाताकडे बघत होते, थांबवू शकले असते असं नाही. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला आणि मोठ्यानं वाचला. दस महीने पूरे होने तक. मग वर बघितलं.

"यात तर दहा लिहिलंय."

मामी माझ्याकडे वळली नाही. डॉक्टरांनाच म्हणाली, "भाचीनं वाचून देल्ला होता साहेब. हिंदी तिरपं लिवलं हाय, वाचाले चुकली असंल पोरगी."

मी दोन वर्षं चौकात उभी राहून अधिकाऱ्यांना विचारत होते की खोटं कुणी लिहिलं, नाव सांगा. त्या दवाखान्यात कुणी मला नाव विचारलं नाही. माझं नाव माझ्या मामीनं झाकलं आणि मी झाकू दिलं.

डॉक्टरांनी बांबूच्या पातळ कामट्या कापसात गुंडाळून पाय बांधला. कॅल्शियमचं औषध लिहून दिलं, आणि पिल्लाचं खाणं परत सुरू करायला सांगितलं, तेही हळूहळू, भातात मिसळत. कधी बदलायचं तेही सांगितलं: वर्ष भरत आलं की दर आठवड्याला वजन करा, तीन वेळा वजन तेवढंच भरलं तर वाढ थांबली असं धरा, मग मोठ्याचं खाणं. जास्त दिवस पिल्लाचं देत राहिलात तर चरबी चढेल आणि याच पायावर भार येईल.

परत यायला ऑटो मिळाला, तोही भरलेला. हायवेला लागल्यावर माणसं उतरली, आम्ही दोघीच राहिलो. मी म्हटलं, "मामी, मी वाचाले चुकली नाही."

ती पिल्लाच्या कानावरून हात फिरवत होती.

"दहा लिहिलेलं मले दिसलं होतं. मी सहा सांगितलं."

"कायले?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. कंपन्या, अंगणवाडी, पाण्यातली डाळ. शेवटी म्हटलं, "पिशवी न्यायची लाज वाटे."

एक ट्रक गेला, मग दुसरा. घराचं वळण आलं तेव्हा मामी म्हणाली, "मले म्हनली असती, आनत नाही म्हून. मी कोनाच्याही हाती मागवली असती."

एवढंच. ओरडली असती तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

घरी मामांना तिनं सांगितलं की पिल्लाचं हाड कच्चं होतं. त्यात माझा भाग तिनं घातला नाही, मी घातला. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या त्या कागदाईवरही असंच लिवता का?" त्यांनी टोमणा मारला की मी एरवी उलट टोला हाणायची. त्या दिवशी मी पिल्लाचं औषध चमच्यात मोजायला घेतलं. त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच होतं. अंगणवाडीचं जे लिहिलं ते खरं होतं, आजही मी त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण त्या खऱ्या रागाला मी माझ्या लाजेवर पांघरुणासारखं घातलं आणि त्याचा भार पडला तीन किलोच्या एका जिवावर, ज्याचा कुठल्याच कंपनीशी काही संबंध नव्हता. कुणी म्हणेल, कुत्र्याच्या पायासाठी एवढं? त्यानं त्या दवाखान्यात मामीच्या शेजारी बसायला हवं होतं.

मी पुन्हा पाकीट न्यायला लागले, आता पिशवीत वर, आणि गटातल्या कुणी विचारलं तर सांगायची, मामीच्या कुत्रीचं आहे, पिल्लू आहे अजून. होळीच्या सुमारास कामट्या सुटल्या. पाय जुळला पण किंचित वाकडा. ती चालताना उजवीकडे झुकते ते तेव्हापासून.

वर्ष भरत आलं तशी दर रविवारी मी तिला तोलायला जाऊ लागले. मामांचा धानाचा काटा होता. एका पारड्यात टोपली, टोपलीत ती, दुसऱ्यात वजनं. ती टोपलीच्या काठावर हनुवटी ठेवून बसायची आणि काटा हलत राहायचा. मामी वजनांवरचा आकडा स्वतः वाचायची. मी बोलले तरी काट्याकडे स्वतः वाकून बघायची. पहिल्या रविवारी वाढ दिसली, दुसऱ्या रविवारी थोडी. मग तीन रविवार काटा तिथंच थांबला. उन्हाळा भर चढला होता, अंगणात पाय ठेववत नव्हता.

मी परीक्षेनंतर मोकळी होते, आठ दिवस राहायला गेले. मोठ्यांचं खाणं आणलं होतं. पहिल्या दिवशी तीन मुठी जुने दाणे, एक मूठ नवे. दोन दिवसांनी अर्धे अर्धे. चौथ्या दिवशी सकाळी तिची शी पातळ झाली.

माझ्या डोक्यात दिवस आखलेले होते; पाचव्या दिवशी तीन मुठी नवे व्हायला हवे होते. मामी गोठ्यामागे वाकून बघत होती, मीही तिच्या शेजारी वाकले.

"आता कसं करावं?" तिनं विचारलं. माझ्याकडे बघूनच विचारलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

"मले माहीत नाही मामी," मी म्हटलं. "पुढं न्यावं का मागं घ्यावं, मले सांगता येत नाही. डॉक्टरले विचारून येतो."

"ये विचारून."

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आहे त्याच मापावर थांबा, घाई नाही. मी परत येऊन तेवढंच सांगितलं, जसं त्यांनी सांगितलं तसं, पुढं माझं काही न जोडता. मामीनं दोन जुन्या, दोन नव्या मुठी वाटीत टाकल्या. मुठी तिच्याच हाताच्या होत्या, माझ्यापेक्षा लहान. पिल्लू, म्हणजे आता कुत्रीच, उजवीकडे झुकत आली आणि खायला लागली. त्या वेळी आठ दिवसांचे बारा दिवस झाले. मी बाराही दिवस राहिले. रोज सकाळी आम्ही दोघी गोठ्यामागे वाकून बघायचो, आणि किती मुठी टाकायच्या ते मामी ठरवायची.